ऑडिओग्राममध्ये सापडलेला 'स'

ऑडिओलॉजी (ऐकण्याचं शास्त्र) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (वाचा आणि भाषेच्या दोषांचं शास्त्र) अशा जोडविषयांच्या पदवीला आम्ही जमलो, तेव्हा सुरुवातीलाच वर्गात दोन गट पडले. यंत्रं, आकडे, आलेख आवडणारी मुलं म्हणायची, "आम्ही कानवाले." भाषेत रस असलेली, लहान मुलांत रमणारी मंडळी थेरपीच्या बाजूची. मला दोन्हींची ओढ होती, त्यामुळे "तू नक्की कुठली?" असं मला सारखं विचारलं जायचं. शिकवणाऱ्या मॅडम या वादात कधी पडल्या नाहीत. "क्लिनिक सुरू होऊ दे, मग बोलू," एवढंच म्हणायच्या. हे दोन विषय एका पदवीत का बांधलेत ते मला त्या क्लिनिकमध्ये उमगलं, आणि हा कोर्स करू पाहणाऱ्यांना सगळ्यात आधी मला तेच सांगायचंय.

पण क्लिनिकच्या आधी बरंच काही असतं. नव्याने आलेल्या बहुतेकांना वाटतं, बोलायला शिकवायचं म्हणजे उच्चार घोटून घ्यायचे. प्रत्यक्षात पुढ्यात येतं ते शरीरशास्त्र, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र. पहिल्या सहामाहीत मी कुणाला बोलायला शिकवलं नाही. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंचे क्रमांक पाठ केले. पाचवा जबड्याचा, सातवा चेहऱ्याचा, आठवा ऐकण्याचा आणि तोलाचा, दहावा स्वरयंत्राचा, बारावा जिभेचा. हे पाठांतर तेव्हा कोरडं वाटतं. मग एके दिवशी तक्ता समोर ठेवून सरांनी दहाव्या मज्जातंतूच्या एका शाखेचा मार्ग बोटाने दाखवला. डाव्या बाजूची ही शाखा गळ्यातून सरळ स्वरयंत्राकडे जात नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर गळ्यात येते. म्हणजे छातीत काही बिघडलं, तर त्याची पहिली खूण म्हणून आवाज बसू शकतो. त्यामुळे बसलेला आवाज घेऊन कुणी आलं आणि तो बरेच दिवस तसाच असला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने स्वरयंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आवाजाची थेरपी सुरू करायची नाही. हा नियम नुसता पाठ केला असता तर परीक्षेनंतर विसरले असते. त्या वळशामुळे तो डोक्यात पक्का बसला.

अंतर्कर्णाचंही तसंच. कॉक्लिया म्हणजे जवळपास अडीच वेढ्यांची, पाण्याने भरलेली नळी. तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी, आतल्या साधारण 3,500 आणि बाहेरच्या साधारण 12,000. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. उंच पट्टीचे आवाज तळाशी, खालच्या पट्टीचे आवाज टोकाकडे, अशी तिथली वाटणी. मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून जॉर्ज फॉन बेकेशी यांनी आतल्या पडद्यावरून लाट कशी धावते हे पाहिलं आणि त्याबद्दल त्यांना 1961 मध्ये नोबेल मिळालं. आम्हाला परीक्षेला लाटेची आकृती काढावी लागायची. पण त्या धड्यातली माझ्या पुढे सगळ्यात जास्त कामी आलेली गोष्ट म्हणजे, कानावर आघात होतो तेव्हा बहुतेक वेळा आधी तळाचा भाग जातो. वय, मोठा आवाज, कानाला घातक असलेली काही औषधं, यांतलं कारण कुठलंही असो, बऱ्याचदा आधी उंच पट्टीचं ऐकणं कमी होतं आणि खालचं शाबूत राहतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

डेसिबल समजायला मला वेळ लागला, पण तो वेळ द्यायलाच हवा. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरी जेमतेम जाणवणारा आवाज म्हणजे ऑडिओमीटरवरचं, ऐकणं मोजायच्या यंत्रावरचं, शून्य. उणे दहालाही बटण दाबणारी माणसं असतात. शिवाय हे मोजमाप लॉगॅरिदमचं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. 'चाळीस डेसिबलचा दोष' म्हणजे 'चाळीस टक्के बहिरेपण' असं घरचे लोक सर्रास समजतात. त्यांना ते समजावून सांगायचं तर आधी स्वतःचं गणित स्वच्छ हवं.

ध्वनिशास्त्राचा तास हा माझा सगळ्यात आवडता. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत बोलणं उतरवायचं. हेडफोन लावून एकच शब्द पुन्हापुन्हा ऐकायचा आणि ऐकू आलं तेच लिहायचं; काय म्हणायचं असेल ते लिहायचं नाही. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे, कारण मन आपोआप दुरुस्ती करतं. 'चार' आणि 'चाक' यांत अक्षर एकच, पण ध्वनी दोन. 'चार' म्हणताना जीभ टाळूकडे जाते, 'चाक' म्हणताना दातांच्या मागे राहते. जन्मभर हे शब्द बोलत होते, तरी हा फरक मी त्या तासाला पहिल्यांदा ऐकला. 'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला कसं निसटतं लागतं, 'म्ह' आणि 'न्ह' मध्ये नाकातून श्वास कसा सुटतो, हे आरशासमोर बसून पाहायचं. मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं पट्टीनुसार काढलेलं चित्र, वाचायचा. स्वरांचे जाड पट्टे खाली, आणि 'स' म्हटलं की वर, साधारण 4000 हर्ट्‌झच्या पुढे, एक करडा धुरळा उठलेला. 'श' चा धुरळा त्याहून थोडा खाली सुरू होतो. तो धुरळा मी वहीत पेन्सिलने इतक्यांदा काढलाय, की आजही 'स' कानावर पडला की डोळ्यांसमोर तोच येतो.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी. आधी एकमेकांवरच सराव. एक जण आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसणार, दुसरा काचेबाहेर यंत्रावर. सूचना ठरलेली: "आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबा. खात्री नसली तरी दाबा." बऱ्या कानापासून सुरुवात, 1000 हर्ट्‌झपासून. ऐकू आलं की दहा डेसिबलने खाली, नाही आलं की पाचने वर. वर येताना ज्या पातळीला निम्म्याहून कमी नाही इतक्या वेळा उत्तर मिळतं, तो उंबरठा. ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी 1944 मध्ये मांडलेली आणि कारहार्ट आणि जर्गर यांनी 1959 मध्ये नेटकी केलेली ही पद्धत आजही तशीच चालते. पुस्तकात ती अर्ध्या पानाची आहे, हाताला बसायला मात्र महिने जातात. आवाज ठरावीक अंतराने दिला तर समोरचा ताल पकडतो आणि न ऐकताच बटण दाबतो. म्हणून मधलं अंतर बदलत राहायचं. यंत्राकडे बघता बघता काचेपलीकडच्या चेहऱ्याकडेही बघायचं. ज्याला खरंच ऐकू आलंय त्याच्या भुवया किंचित हलतात, डोळे क्षणभर स्थिर होतात. कंटाळलेला माणूस, घाबरलेला माणूस आणि नुकसानभरपाईसाठी कमी ऐकू येतं असं भासवणारा माणूस, तिघांच्या बटण दाबण्याची लय निरनिराळी असते.

मास्किंगने आमच्या अख्ख्या वर्गाला घाम फोडला. एका कानाने खूप कमी ऐकू येत असेल, तर त्या कानात मोठा आवाज दिल्यावर तो कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला पोचतो. बटण दाबलं जातं, आणि ऐकलेलं असतं दुसऱ्याच कानाने. म्हणून चांगल्या कानात खसखस आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवायचं. किती सोडायचा? कमी पडला तर चांगला कान ऐकतच राहतो, जास्त झाला तर खसखस इकडच्या कानापर्यंत येते आणि खरा उंबरठाही झाकला जातो. मधला सपाट टप्पा शोधायचा. हाडामार्गे तपासणी करताना तर कंपक एका कानामागे ठेवला तरी दोन्ही अंतर्कर्ण जवळपास सारखेच हलतात. ज्याला मास्किंग येत नाही त्याने काढलेल्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या कागदावर पुढे शस्त्रक्रियेचे निर्णय होतात.

थेरपीच्या बाजूला सुरुवात निरीक्षणाने झाली. एका बाजूने दिसणाऱ्या काचेमागे बसायचं, सीनियर विद्यार्थी मुलाबरोबर काय करतात ते टिपून घ्यायचं. बाहेरून तो निव्वळ खेळ दिसतो. ठोकळे, चित्रं, बुडबुडे. पण प्रत्येक ठोकळ्यामागे लेसन प्लॅनमध्ये लिहिलेलं एक ध्येय असतं, आणि ते मोजता येण्यासारखं असावं लागतं. 'मुलाचा उच्चार सुधारेल' असं लिहिलं की वही परत यायची. 'चित्र दाखवल्यावर शब्दाच्या सुरुवातीचा क दहापैकी आठ वेळा बरोबर म्हणेल, मदतीशिवाय' असं लिहावं लागायचं. मला मिळालेल्या पहिल्या मुलांपैकी एक 'कावळा' ला 'तावळा' म्हणायचा. मागे व्हायचा ध्वनी पुढे आणायचा. लहानपणी पुष्कळ मुलं तसं करतात आणि बहुतेकांचं आपोआप सुटतं, याचं तसं सुटलं नव्हतं. त्याच्यासमोर 'कार' आणि 'तार' अशी दोन चित्रं ठेवायची. त्याने 'तार' म्हटलं की मी तारेचंच चित्र उचलायचे. तो वैतागायचा, कारेकडे बोट दाखवायचा. आपण म्हणतो ते समोरच्याला वेगळं ऐकू येतं, हे ज्या क्षणी त्याच्या लक्षात आलं, त्या क्षणापासून काम वेगाने पुढे सरकलं. जीभ धरून 'क' म्हणायला लावण्यापेक्षा हे कितीतरी सरस.

आणि मग तो मुलगा आला, ज्याच्यामुळे माझ्यापुरता 'कानवाले की थेरपीवाले' हा वाद मिटला.

पाच वर्षांच्या आसपासचा, चुणचुणीत. आईची तक्रार, बोबडं बोलतो, शाळेत कुणाला कळत नाही. सशाचं चित्र दाखवलं की 'तता' म्हणायचा. 'स' च्या जागी 'त' म्हणणं हे लहान मुलांत इतकं नेहमीचं आहे, की वरवर पाहता ही उच्चाराचीच केस. मी केस हिस्ट्री घेत होते. ऐकण्याचा प्रश्न आल्यावर आई म्हणाली, "ऐकायला चांगलं येतं हो त्याला. पलीकडच्या खोलीतून हाक मारली तरी धावत येतो." सुपरवायझर मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला थांबवलं आणि आईला म्हणाल्या, "ताई, बोलण्याचं आपण करूच. पण आधी कान तपासू. प्रत्येक मुलाचे तपासतो."

तपासणी मीच केली. मुलाला ठोकळे दिले. आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. 250 हर्ट्‌झला उत्तर उत्तम. 500 ला उत्तम. 1000 लाही ठीक. 2000 ला त्याचा हात ठोकळा धरून तसाच राहिला. आवाज वाढवत गेले, पुष्कळ वर गेल्यावर ठोकळा पडला. 4000 ला आणखी वर. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या डावीकडून जरा वेळ सरळ चालल्या आणि मग उतारावर लागल्या. दोन्ही कान सारखेच.

मॅडमनी त्या कागदावर पेन्सिलने दोन टिंबं दिली. एक उजवीकडे, उंच पट्टीच्या बाजूला. "इथे 'स' असतो," म्हणाल्या. दुसरं डावीकडे, जिथे त्याचं ऐकणं चांगलं होतं. "इथे त्याच्या नावातले स्वर." मग आईला म्हणाल्या, "तुम्ही हाक मारता तेव्हा त्याला स्वर ऐकू येतात, म्हणून तो धावत येतो. तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. पण 'स' आणि 'श' त्याला आजवर नीट ऐकूच आलेले नाहीत. जो आवाज ऐकला नाही तो म्हणणार कसा?" आई बराच वेळ त्या टिंबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला रागवायचे ते..." मॅडमनी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. बाहेरून कुणालाच दिसत नाही असा हा दोष आहे, हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं, की ते मी शब्दशः वहीत लिहून घेतलं, आणि आज पालकांशी बोलताना तेच वापरते.

त्याला थेट थेरपीला बसवलं असतं, तर मी आरसा धरून, जीभ दाखवून त्याच्याकडून महिनोन्‌महिने 'स' घोटून घेतला असता. जो ध्वनी त्याच्यापर्यंत पोचत नव्हता तो. उलट नुसतं ऐकण्याचं मशीन देऊन घरी पाठवलं असतं, तर ऐकू येऊ लागलेल्या त्या नव्या खसखशीचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नसतं. मशीन लागलं, जुळवलं, आणि मग थेरपी सुरू झाली. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तोंड झाकून सहा ध्वनी म्हणायचे: म, ऊ, आ, ई, श, स. बोलण्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे हे प्रतिनिधी, आणि तपासायला मिनिटही लागत नाही. सुरुवातीला शेवटच्या दोघांना तो नुसता बघत राहायचा. पुढे 'श' ला मान हलायला लागली, मग 'स' ला. म्हणता येणं त्यानंतर आलं. ऐकणं आधी, म्हणणं नंतर, हा क्रम मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

नंतर वाचताना कळलं की ऑडिओलॉजी हे शास्त्रच या जोडीतून उभं राहिलंय. दुसऱ्या महायुद्धात कान गमावून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून ते आकाराला आलं. ज्यांना ऑडिओलॉजीचे जनक मानतात ते रेमंड कारहार्ट मूळचे वाचाशास्त्राकडचे. आमच्या वर्गातल्या दोन गटांना हे आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

अडखळत बोलण्याचा, म्हणजे स्टॅमरिंगचा विषय शिकवताना आम्हाला एक काम दिलं होतं: बाहेर जाऊन अनोळखी माणसाशी मुद्दाम अडखळत बोलायचं. मी एका खिडकीशी जाऊन चौकशी केली. पहिल्याच शब्दाला थांबले, ओठ मिटलेले ठेवले, आवाज अडवला. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याने माझं वाक्य स्वतःच पूर्ण केलं, तेही चुकीचं, आणि नजर दुसरीकडे वळवली. मला हवं होतं ते विचारायचं राहूनच गेलं. पुन्हा अडखळावं लागेल म्हणून मीही 'हो' म्हणून परत फिरले. ज्यांना हे रोज सोसावं लागतं ती माणसं शब्द बदलतात, फोन टाळतात, वर्गात उत्तर माहीत असून हात वर करत नाहीत. शंभरात साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात. त्यातली बहुतेक त्यातून बाहेर येतात, मोठ्यांमध्ये प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहतं. अडखळण्याचे झटके मोजणं सोपं आहे. टाळलेल्या गोष्टी मोजायला बसलं की खरी केस कळते. "सावकाश बोल, श्वास घे" हा सल्ला त्यांना सगळेच देतात. आपण तरी तो देऊ नये.

हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये अर्धांगवायूनंतर भाषा गेलेली माणसं भेटली. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाचा मेंदू अभ्यासला, तो समजायचा पुष्कळ, पण त्याच्या तोंडून 'टॅन' एवढंच यायचं. पुस्तकात ही दोन ओळींची नोंद. वॉर्डात एका काकांना मी पेन दाखवला, "हे काय?" ते पेनाकडे बघत राहिले, हाताने लिहिल्याची खूण केली, तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. मग मी म्हटलं, "काका, माझ्याबरोबर मोजा. एक, दोन..." आणि ते तीनपासून दहापर्यंत घडाघडा म्हणत गेले. त्यांची मुलगी रडायलाच लागली. तिला वाटलं बोलणं परत आलं. इथे फार जपून बोलावं लागतं. पाठ झालेलं, सवयीचं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने टिकतं. आकडे, प्रार्थना, कधी शिव्यासुद्धा. तो आशेचा धागा आहे, बरं झाल्याची खूण नाही. मुलीला मी हे सांगितलं आणि जोडीला कामाच्या गोष्टी: प्रश्न 'हो-नाही' त उत्तर देता येईल असे विचारा, एका वेळी एकच विचारा, समोर कागद ठेवा, टीव्ही बंद करा, आणि त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी दुसऱ्याशी बोलू नका. त्यांची बुद्धी गेलेली नाही.

गिळण्याचे विकार हाही आपल्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे, हे प्रवेश घेताना फार थोड्यांना ठाऊक असतं. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की ठसका लागतो, हे सगळ्यांना माहीत. पण काहींना ठसकाच लागत नाही आणि पाणी मुकाट्याने फुप्फुसाकडे जातं. अशा वेळी क्ष-किरणाच्या पडद्यावर गिळणं पाहावं लागतं. या विषयात धाडस नको. पदवीच्या पातळीवर अनुभवी माणसाच्या हाताखालीच काम करावं.

सगळ्यात जड काम मला नवजात बाळांच्या तपासणीचं वाटलं. कान स्वतःहून अगदी बारीक आवाज परत पाठवतो, हे डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवलं, आणि आज त्याच तत्त्वावर झोपलेल्या बाळाचा कान काही मिनिटांत तपासता येतो. एका महिन्याच्या आत चाळणी चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असं वेळापत्रक जगभर मानलं जातं. कारण भाषेसाठी मेंदू थांबून राहत नाही. चाचणीत बाळ 'पास' झालं नाही म्हणजे ते बहिरंच आहे असं नव्हे. कानात साचलेला द्रव, रडणं, हालचाल, कशानेही असं होतं. हे घाबरलेल्या आईबाबांना सांगताना वाक्यं लहान ठेवायची आणि पुढची तारीख हातात लिहूनच द्यायची. निदान पक्कं झाल्यावर मशीन, शस्त्रक्रियेने कानात बसवायचं इम्प्लांट, खुणांची भाषा, सगळ्या वाटा समोर ठेवायच्या. खुणांची भाषा म्हणजे 'काही जमलं नाही तर शेवटी' असं सांगणारे लोक आजही भेटतात. मला ते पटत नाही. मुलाला भाषा वेळेत मिळायला हवी, हातांनी असो वा कानांनी.

या कोर्समध्ये त्रास कशाचा होतो तेही सांगते. लिहिण्याचा. प्रत्येक सत्राचा आराखडा आधी, नोंद नंतर, महिन्याचा अहवाल वेगळा. दुसरा त्रास सुटून जाणाऱ्या केसेसचा. मूल जरा बोलू लागलं, की घरचे यायचे बंद होतात, फोन उचलत नाहीत, आणि आपल्याला पुढचं कधीच कळत नाही. एका पोस्टिंगच्या ठिकाणी गर्दीमुळे मुलाला जेमतेम पंधरा मिनिटं मिळायची. तेवढ्यात थेरपी होत नाही. मग आम्ही ती पंधरा मिनिटं मुलाला न देता आईला द्यायला लागलो. घरी आंघोळ घालताना, कपडे चढवताना नेमकं काय आणि कसं बोलायचं ते तिच्याकडून तिथेच करून घ्यायचं. त्या मुलांची प्रगती इतर ठिकाणच्या मुलांपेक्षा मागे पडली नाही, आणि घरच्यांना हाताशी धरण्याविषयीचं माझं मत तिथे पक्कं झालं.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन काही गोष्टी बघाच. ऑडिओलॉजी आणि थेरपी, दोन्हींचे क्लिनिकचे तास पुरेसे आहेत का, की एक बाजू नावापुरती आहे? एका सुपरवायझरमागे विद्यार्थी किती? ऑडिओमीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची मापं अचूक आहेत ना याची तपासणी, शेवटचं कधी झालं, हे विचारल्यावर चटकन तारीख सांगता येते का? लहान मुलं आणि मोठी माणसं, दोन्ही प्रकारचे रुग्ण येतात का? शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि त्यांनी स्वतः किती कानांची मापं घेतली, किती मुलांबरोबर काम केलं ते विचारा. बघितलं किती ते नको. आणि तुम्हाला ज्या देशात काम करायचंय तिथले नियम आधी वाचा. काही ठिकाणी या पदवीवर नोंदणी होऊन काम सुरू करता येतं, काही ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी पदवीनंतर ऑडिओलॉजी किंवा स्पीच यांतलं एक निवडावंच लागतं. मी पुढे थेरपी निवडली. माझ्या खोलीत ऑडिओमीटर नाही, पण नवीन मूल आलं की मी फाइलमध्ये आधी ऑडिओग्राम शोधते. नसेल तर पहिलं सत्र लांबणीवर टाकून त्याला आधी कान तपासायला पाठवते.